हेपॅटायटिस म्हणजे कावीळ नव्हे : यकृताच्या शब्दांत या चुका टाळा

फोंड्याला मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी दोन-चार वह्यांत ‘हेप्टायटिस’ सापडतंच. एका मुलाने तर त्याचा अर्थही लावला होता : सात प्रकारची कावीळ! ‘हेप्टा’ म्हणजे सात हे त्याला बरोबर ठाऊक होतं. हेप्टागॉन म्हणजे सप्तकोन. पण यकृताला ग्रीकमध्ये ‘हेपार’ म्हणतात. स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर ‘ए’ आला तर यकृत, ‘टी’ आला तर सात.

‘हेपार’मधला ‘र’ हेपॅटायटिसमध्ये का दिसत नाही, असंही मुलं विचारतात. हेपारची षष्ठी ‘हेपाटोस’ होते आणि बहुतेक वैद्यकीय शब्द त्या रूपावरून बनले. हा भाग शिकवायला मला फार आवडतो, कारण आपलं ‘यकृत्’ हे हेपारचं सख्खं भावंड आहे. संस्कृतातही षष्ठीत ‘यक्नः’ होतं, म्हणजे ‘र’ तिथेही गळतोच! मूळचा ‘य’ ग्रीकमध्ये ‘ह’ झाला आणि ‘क’चा ‘प’ झाला. आपला ‘पच्’ धातू आणि पोटातलं पाचक द्रव्य पेप्सिन यांचं नातंही असंच जुळतं. तेव्हा ‘यकृत’ हा पुस्तकी, परका शब्द समजून टाळू नका.

हेपॅरिन हे यकृताचं औषध नव्हे. ते रक्ताची गुठळी होऊ देत नाही, म्हणून डायलिसिसच्या वेळी देतात. 1916 साली बाल्टिमोरमध्ये जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतातून असा पदार्थ मिळाला, आणि 1918 मध्ये त्याचे शिक्षक हॉवेल यांनी हेपारवरून हे नाव ठेवलं. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यांतून काढतात. नाव मात्र यकृताचंच राहिलं. रिपोर्टातलं ‘हेपॅटिक फ्लेक्शर’ वाचून ‘लिव्हर वाकलंय’ म्हणत घाबरलेली माणसंही मी पाहिली आहेत. ते मोठ्या आतड्याचं यकृताजवळचं वळण, प्रत्येकाला असतं. उलट सिऱ्हॉसिस हा यकृताचाच आजार, पण त्याच्या नावात हेपार नाही. ते ग्रीक ‘किऱ्हॉस’वरून, म्हणजे पिवळट-तपकिरी रंगावरून आलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक कावीळीची. ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. कावीळ हे लक्षण आहे. पित्तनलिकेत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात, आणि हेपॅटायटिस बी किंवा सी असूनही कित्येकांचे डोळे पांढरेशुभ्र राहतात. ‘डोळे पिवळे नाहीत, मग कसला हेपॅटायटिस!’ म्हणून तपासणी टाळू नका.

आणि घरी समजावताना ‘काळीज’ शब्द जपून वापरा. म्हापशाच्या बाजारात मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो यकृतच देतो. पण काळीज धडधडतं तेव्हा ते हृदय असतं. आमच्या शेजारच्या आजींना नातवाने कोकणीत सांगितलं, ‘‘काळजाक सूज आयल्या.’’ त्यांनी झटकन छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मी तो हात हातात घेतला, उजव्या बरगड्यांखाली नेऊन ठेवला आणि म्हटलं, ‘‘आजी, हांगा. हें यकृत.’’