बिनपानाचं तिरफळ ओळखायचं आणि त्याचं वर्णन लिहायचं ते असं

खोडावर काटे दिसले की तिरफळ, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोकणात खोडाला शंकूसारखे काटे असलेली झाडं किमान तीन-चार आहेत. मार्चमध्ये ती शेजारी-शेजारी निष्पर्ण उभी असली की जाणकारही चुकतात. नावाचा घोळही आधीच मिटवून टाका. तिरफळाचा त्रिफळा चूर्णाशी काही संबंध नाही, तो हिरडा-बेहडा-आवळ्याचा. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी तिरफळाच्याच प्रजातीतली (जीनस), पण जाती (स्पीशीज) वेगळ्या. आपलं झाड म्हणजे झँथोझायलम ऱ्हेट्सा. कुळ लिंबाचं, म्हणजे बेल, कवठ, कढीलिंब यांचंच.

पानं असताना काम सोपं. पान संयुक्त, फूटभर किंवा त्याहून लांब, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पर्णिका, म्हणजे छोटी पानासारखी पाती. पान कुठलं आणि पर्णिका कुठली हे ठरवायला बगलेतला डोळा, म्हणजे देठाच्या बेचक्यातला कोंब, शोधा. डोळा पानाच्या देठापाशी असतो, पर्णिकेपाशी कधीच नसतो. पर्णिकेचा तळ तिरका असतो, एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. ती उन्हासमोर धरली की तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. चुरडली की लिंबू आणि मिरी यांच्यामधला वास येतो. हे सगळं जुळलं तर पुढची पायरी वाचायचीही गरज नाही.

खरी अडचण पानगळीत येते. तेव्हा काट्याच्या आकारावरून नाव ठरवू नका. तिरफळाच्या खोडावरचा काटा बुचासारख्या जाड बुंध्यावर बसलेला असतो. जुन्या झाडावर टोक झिजून नुसता गड्डा उरतो. पण तरुण काटेसावरीचा काटाही रुंद बुंध्याचा, शंकूसारखाच असतो. दोघांचे काटे खोडाच्या सालीतून येतात, बेलाच्या किंवा लिंबाच्या काट्यासारखे पानाच्या बगलेतून नाही. म्हणून नुसता खोडाचा जवळून काढलेला फोटो पाठवून नाव विचारण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी मान वर करा. काटेसावरीच्या फांद्या एकाच उंचीवरून चौफेर फुटतात आणि आडव्या पसरतात, त्यामुळे झाड मजल्या-मजल्यांचं दिसतं. तिरफळात असे मजले नसतात. शिमग्याच्या सुमारास बिनपानाच्या झाडावर मोठी लाल फुलं असतील तर ते सावर किंवा पांगारा, तिरफळ नव्हेच. तिरफळाची फुलं बारीक, पिवळट-हिरवट, फांदीच्या टोकाला तुऱ्यात येतात.

मग खाली बघा. झाडाखालचा पाचोळा खोडापेक्षा जास्त सांगतो. तिथे पंजासारखी पानं असतील तर सावर, तीन पर्णिकांची असतील तर पांगारा. लांब दांडे, सुट्या तिरक्या तळाच्या पर्णिका, तडकलेली टरफलं आणि चकचकीत काळ्या बिया सापडल्या तर तिरफळ. मात्र उतारावर पाचोळा वरच्या झाडाचाही घरंगळत येतो. तो खोडाच्या वरच्या, चढाकडच्या अंगाला अडकतो, म्हणून नेहमी खालच्या अंगाचा पाचोळा तपासा.

शेवटची खात्री वासाने करा. बोटभर जाडीच्या फांदीची साल नखाने जराशी खरवडा आणि लगेच हुंगा. तिरफळाच्या सालीला सुगंधी, झणझणीत वास येतो. खोडावर कोयता मारू नका. त्यातून जास्त काही कळत नाही आणि जखमेतून कीड शिरते. साल चाखण्याचा सल्लाही ऐकू नका, वास पुरतो. बागांतून लावलेल्या हुरा या परदेशी झाडालाही असेच शंकूसारखे काटे असतात आणि त्याचा चीक विषारी असतो. खरवडल्यावर चीक दिसला तर तिथेच थांबा, हात धुवा, डोळ्याला बोट लावू नका.

आता नोंद. खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजा, उतार असेल तर वरच्या, चढाकडच्या अंगाने. फीत काट्यांवरून नेली तर आकडा फुगतो, म्हणून ती काट्यांमधल्या सालीला टेकवून फिरवा. जमत नसेल तर 'काट्यांसह' असं स्पष्ट लिहा. काट्यांची उंची, काट्याच्या बुंध्याची रुंदी आणि काटे कोवळ्या फांद्यांवरही आहेत की नाहीत, हे तीन मुद्दे सुटता कामा नयेत. 'काटेरी खोड' एवढंच लिहिलेली नोंद कुणाच्या उपयोगाची नाही. फोटोत मापासाठी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिमी असतो.

फळांसाठी पावसाळ्यात परत या. हिरवे घोस तेव्हाच दिसतात, बांगड्याच्या तिखल्यात पडतात ते हेच. नावावरून तीन कप्प्यांचं फळ शोधू नका. एका फुलाचं एकच वाटोळं, मटारापेक्षा लहान फळ होतं. पिकून तडकलं की आत एकच बी. स्वयंपाकात टरफल घेतात, बी कचकच लागते म्हणून टाकतात, पण दाबून, सुकवून ठेवायच्या नमुन्यात दोन्ही हवीत.

नमुना दाबताना लांब पान इंग्रजी व्ही अक्षरासारखं दुमडा, कापू नका. कोकणातल्या पावसात पहिले चार दिवस कागद सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर बुरशी धरते आणि पर्णिका दांड्यापासून सुटतात. चुलीवरच्या माळ्यावर दाबपाटी ठेवली तर लवकर सुकते. फळं कागदाच्या वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर झाडाचा क्रमांक, गाव, तारीख पेन्सिलीनेच लिहा. शाई दमट हवेत पसरते.