एकल पियानोवादनाचा कार्यक्रम स्मरणातून कसा तयार करावा

संपूर्ण कार्यक्रम स्वरलिपी समोर न ठेवता वाजवण्याची प्रथा पाश्चात्त्य अभिजात संगीताइतकी जुनी नाही. जर्मन पियानोवादक क्लारा वीक, म्हणजेच पुढे क्लारा शूमन, हिने 1837 मध्ये बर्लिनमध्ये बेथोव्हेनचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, स्मरणातून वाजवला, तेव्हा ते धाडस मानले गेले. आज मात्र एकल कार्यक्रमांत आणि बहुतेक मोठ्या स्पर्धांत तीच अपेक्षा असते. त्यामुळे ज्याला मैफलीचा पियानोवादक म्हणून उभे राहायचे आहे, त्याने स्मरण ही जन्मजात देणगी न मानता पद्धतशीर शिकण्याची गोष्ट मानावी.

रचना निवडताना सगळ्याच नव्या घेऊ नयेत. मध्यंतरासह दीड-दोन तासांच्या कार्यक्रमात किमान एक मोठी रचना अशी असावी, जी पूर्वी शिकून, बाजूला ठेवून, पुन्हा हाती घेतली आहे. अशी रचना दडपणाखाली अधिक टिकते.

नव्या रचनेचे फिंगरिंग, म्हणजे कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हे, पहिल्या काही दिवसांतच ठरवून स्वरलिपीवर लिहावे. पुढे बोटे बदलत राहिली तर स्नायूंची सवय पक्की होत नाही. मात्र खरा धोका या सवयीवर पूर्ण विसंबण्यात आहे. बोटांची स्मृती साखळीसारखी असते, एक कडी निसटली की पुढचे सारे निसटते, आणि मंचावर घाम, थंड हात किंवा अनोळखी पियानोच्या पट्ट्या यांपैकी काहीही ती कडी निसटायला पुरेसे असते. म्हणून त्याच रचनेची स्मृती आणखी तीन मार्गांनी बांधावी लागते: कानाने, डोळ्याने आणि बुद्धीने.

बुद्धीचा मार्ग सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत विश्वासार्ह आहे. रचनेतील स्वरसंघातांचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, प्रवास स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. सोनाटात मुख्य विषय, म्हणजे मुख्य सुरावट, पुन्हा येतो, पण दुसऱ्यांदा वाट वेगळी असते. बेथोव्हेनच्या ओपस (रचना-क्रमांक) 53 या सोनाटाच्या पहिल्या भागात दुसरा विषय आधी ई मेजर या स्वरश्रेणीमध्ये येतो आणि पुनरावृत्तीत ए मेजरमध्ये सुरू होतो. या दोन वाटा जिथे फुटतात, तिथेच वादक चुकून पहिल्या वाटेला लागतो आणि गोल फिरत राहतो. असे प्रत्येक ठिकाण स्वरलिपीवर खूण करून शोधावे, दोन्ही रूपे एकामागून एक वाजवावीत आणि फरक नेमका कोणत्या स्वरापासून सुरू होतो ते मोठ्याने म्हणावे. बाखच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच सुरावट अनेक आवाजांत पाठोपाठ येणाऱ्या रचनेत, एक आवाज गात बाकीचे आवाज वाजवावेत. हे कंटाळवाणे वाटते, पण याला पर्याय नाही.

त्यानंतर संपूर्ण रचनेचे टप्पे पाडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि कोणताही क्रमांक काढून तिथूनच सुरुवात करण्याचा सराव करावा. मंचावर विसर पडला तर पुढच्या टप्प्यावर उडी घेता येते. मागे जाऊन पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा ते कितीतरी बरे. फक्त डावा हात स्मरणातून वाजवून पाहावा, कारण बहुतेकांचे अज्ञान तिथे उघडे पडते. पेडलशिवाय, म्हणजे स्वर लांबवणारी पायपट्टी न दाबता, अगदी संथ लयीत वाजवावे, म्हणजे वेगाच्या आधारावर लपलेल्या जागा दिसतात. शेवटी पियानोपासून दूर बसून रचना मनात आरंभापासून अंतापर्यंत ऐकावी. जिथे चित्र धूसर होते, तिथे स्वरलिपी उघडावी.

कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी परिचितांसमोर, शक्यतो वेगवेगळ्या पियानोंवर, संपूर्ण क्रम न थांबता वाजवावा. पियानोवादकाला व्हायोलिनवादकाप्रमाणे स्वतःचे वाद्य सहसा सोबत नेता येत नाही, त्यामुळे सभागृहातील तालमीच्या वेळी आधी बैठकीची उंची, पट्ट्यांचा जडपणा आणि आवाज मृदू करणाऱ्या डाव्या पेडलचा परिणाम तपासावा. तिथे अवघड जागा वारंवार घोटत बसू नये.

स्पर्धांकडेही याच दृष्टीने पाहावे. वॉर्सामध्ये 1927 पासून भरणाऱ्या, संगीतकार शोपँच्या नावाच्या पियानो स्पर्धेत अनेक फेऱ्या असतात आणि अंतिम फेरी वाद्यवृंदासह होते, म्हणजे एकाच वेळी बरेच संगीत तयार ठेवावे लागते. माउरित्सियो पोलिनीने 1960 मध्ये ती जिंकल्यावर लगेच सगळीकडे वाजवत सुटण्याऐवजी काही काळ मागे राहून अभ्यास केला. विजयानंतर अचानक आलेली निमंत्रणे पेलण्याइतका रचनांचा साठा नसेल, तर हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

सराव करताना वेदना जाणवली तर त्याच क्षणी थांबावे. लिऑन फ्लायशरसारख्या श्रेष्ठ वादकाचा उजवा हात 1960 च्या दशकात निकामी झाला आणि त्याला अनेक वर्षे केवळ डाव्या हातासाठीच्या रचना, अध्यापन आणि वाद्यवृंदाचे संचालन यांवर राहावे लागले. थकलेल्या हाताने घोटण्यापेक्षा मनात ऐकण्याचा सराव वाढवावा. तो स्मरणालाही पोषक आहे.

एवढे करूनही विसर पडण्याचे भय कमी होत नसेल, तर स्वरलिपी समोर ठेवून वाजवावे. विख्यात पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर उत्तरायुष्यात अंधाऱ्या सभागृहात, छोट्या दिव्याच्या उजेडात स्वरलिपी पाहून वाजवत असे. स्पर्धेत मात्र तिचे नियम आधी वाचावेत. कार्यक्रम झाल्यावर दोन-तीन दिवसांत प्रत्येक रचना स्वरलिपी पाहून एकदा संथ वाजवावी, मंचावर घुसलेल्या चुका दुरुस्त कराव्यात आणि मगच ती बाजूला ठेवावी.