थिओफिलिन ओळखणारा पॉलिमर सेन्सर: सोन्याच्या इलेक्ट्रोडवर छाप कशी उमटवायची

प्रतिपिंड आपला रेणू ओळखतं ते त्याच्या आकारावरून आणि हायड्रोजन बंध कुठे जुळतात त्यावरून. कृत्रिम पॉलिमरलाही हे शिकवता येतं. ओळखायचा रेणू, म्हणजे साचा, हजर असतानाच पॉलिमर वाढू द्यायचा आणि मग तो रेणू धुऊन काढायचा, म्हणजे त्याच्या मापाची पोकळी मागे उरते. अशा पॉलिमरला एमआयपी (मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर, म्हणजे रेणूची छाप असलेला पॉलिमर) म्हणतात. १९९३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्लाउस मोसबाख यांच्या गटाने थिओफिलिन (दम्यावरचं औषध) आणि डायझेपाम या औषधांसाठी असे ‘कृत्रिम प्रतिपिंड’ करून दाखवले, तेव्हापासून थिओफिलिन हा या कामातला सरावाचा रेणू झाला आहे. त्याचं दुसरं कारण म्हणजे कॅफिन. दोघांत फरक एका मिथाइल गटाचा, त्यामुळे छाप खरी उमटली की नाही याची परीक्षा आपोआप कडक होते.

इथे दिलेली पद्धत विद्युत-पॉलिमरीकरणाची आहे. थर थेट इलेक्ट्रोडवरच चढतो, त्यामुळे वेगळी पावडर बनवून ती चिकटवण्याचा खटाटोप वाचतो.

द्रावण

पीएच ५.२ चं ०.१ मोलर अ‍ॅसिटेट बफर ५० मिली घ्या. त्यात ऑर्थो-फेनिलीनडायअमीन २७ मिलिग्रॅम (५ मिलिमोलर) आणि थिओफिलिन ९० मिलिग्रॅम (१० मिलिमोलर) विरघळवा. ऑर्थो-फेनिलीनडायअमीनला पुढे ओपीडी म्हणू, दवाखान्यातल्या ओपीडीशी गल्लत नको. ते हवेत आणि उजेडात तपकिरी पडतं. द्रावण रंगहीन किंवा अगदी फिकट असेल तरच वापरा, आणि ते रोज ताजं करा. पदार्थ विषारी आहे. हातमोजे घाला, वजन फ्यूम हूडमध्ये करा. द्रावणातून १० ते १५ मिनिटं नायट्रोजन सोडा.

पीएचशी तडजोड नको. तीव्र आम्लात ओपीडीचा वीजवाहक थर बनतो. आपल्याला हवा आहे तो वीजरोधक थर. तो स्वतःची वाढ स्वतःच थांबवतो आणि काही नॅनोमीटरचाच राहतो, म्हणून पोकळ्या पृष्ठभागाजवळ राहतात.

सोनं स्वच्छ करणं

२ किंवा ३ मिमी व्यासाचा सोन्याचा इलेक्ट्रोड आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाने घासा. इथेनॉल आणि पाण्यात अल्ट्रासॉनिक बाथ द्या. मग ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात −०.२ ते १.५ व्होल्ट अशी चक्रं द्या (विभव एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नेऊन परत आणणं म्हणजे एक चक्र). लागोपाठच्या दोन चक्रांच्या रेषा एकमेकींवर बसल्या की थांबा. इथले सगळे व्होल्ट सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत आहेत.

पुढची खातरजमा प्रोबमध्ये चक्रं देऊन करा. प्रोब म्हणजे सोन्यापर्यंत पोचलं तरच प्रवाह देणारं द्रावण: पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फेरोसायनाइड प्रत्येकी ५ मिलिमोलर, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. दोन शिखरांमधलं अंतर ८० मिलिव्होल्टच्या आत असायला हवं. नसेल तर पुन्हा घासा. पुढे जे बिघडतं त्यातलं बरंचसं इथल्या घाईत बिघडलेलं असतं.

थर चढवणं आणि साचा काढणं

ओपीडीच्या द्रावणात ० ते ०.८ व्होल्ट, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट वेगाने २० चक्रं द्या. पहिल्या चक्रात ऑक्सिडेशनचं ठळक शिखर दिसतं, मग ते झपाट्याने बसत जातं. थिओफिलिनचं ऑक्सिडेशन या मर्यादेच्या बरंच वर होतं, म्हणून ते शाबूत राहतं. हीच कृती पॅरासिटामॉलवर जशीच्या तशी लावली तर साचाच ऑक्सिडाइझ होऊन जाईल. त्यामुळे नवा साचा-रेणू निवडताना त्याचं ऑक्सिडेशन विभव आधी तपासा.

थर चढल्यावर प्रोबचा प्रवाह जवळजवळ शून्यावर यायला हवा. मग मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्ल ९:१ या मिश्रणात १५ मिनिटं ढवळत ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि पुन्हा प्रोब मोजा. प्रवाह वाढायचा थांबेपर्यंत हे करत राहा. आम्ल धुतल्याशिवाय इलेक्ट्रोड प्रोबमध्ये घालू नका.

साचा नसलेला थर

याला एनआयपी (नॉन-इम्प्रिंटेड पॉलिमर) म्हणतात, आणि सेन्सर खरा की खोटा हे तोच ठरवतो. तो त्याच दिवशी, तितकीच चक्रं देऊन, फक्त थिओफिलिन वगळून बनवा आणि अगदी तसाच धुवा. धुतल्यावर एनआयपीचाही प्रवाह वाढत असेल, तर पोकळ्या उघडत नसून थर निघतो आहे. एमआयपीतली वाढही मग संशयास्पद ठरते. अशा वेळी धुण्याचा वेळ कमी करा. उलट एमआयपीचा प्रवाह परतच येत नसेल, तर थर जाड होऊन साचे आत गाडले गेलेत. १० ते १५ चक्रांवर या.

एक अडचण मात्र एनआयपीने सुटत नाही. साच्याविना वाढलेला थर जास्त घट्ट असू शकतो, त्याचा मूळ प्रवाह इतका कमी असतो की टक्केवारीतला फरक निव्वळ गोंगाट ठरतो. म्हणून कॅफिनची छाप असलेला तिसरा इलेक्ट्रोडही करा. थिओफिलिनचा थर थिओफिलिनला आणि कॅफिनचा थर कॅफिनला जास्त प्रतिसाद देत असेल, तरच ‘ओळख’ हा शब्द वापरावा.

मोजमाप

पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये १, ५, १०, ५० आणि १०० मायक्रोमोलर थिओफिलिनची द्रावणं करा. या पीएचला थिओफिलिनवर प्रभार नसतो. प्रत्येकात इलेक्ट्रोड १० मिनिटं ढवळत ठेवा, पाण्यात ठरावीक सेकंदच बुडवून काढा आणि प्रोबमध्ये डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री (विभव पायरीपायरीने वाढवत, छोटे पल्स देत प्रवाह मोजणं) करा: ० ते ०.४ व्होल्ट, ५० मिलिव्होल्टचा पल्स, ५ मिलिव्होल्टची पायरी. पोकळ्या भरतात तसा प्रवाह घटतो. रिकाम्या थराच्या प्रवाहाच्या तुलनेत झालेली घट हा आपला संकेत. पोकळ्या मोजक्याच, त्यामुळे आलेख वर वाकून सपाट होतो. सगळे बिंदू ओढूनताणून एका सरळ रेषेत बसवू नका.

शून्य थिओफिलिनच्या बफरमध्येही हीच १० मिनिटं द्या, किमान पाच वेळा. तिथे दिसणारी घट म्हणजे वाचनाचं आपोआप सरकणं. त्या वाचनांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले आलेखाच्या सुरुवातीच्या भागाचा उतार, ही शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारी किमान तीव्रता. प्रोबमध्ये इलेक्ट्रोड गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. फेरिसायनाइडचं द्रावण सोनं हळूहळू खातं, आणि वाचनं सरकतात त्यामागे हे कारण वारंवार निघतं.

रक्तद्रवात थिओफिलिनची पारंपरिक उपचारमर्यादा लिटरला १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५५ ते ११० मायक्रोमोलर. नमुना बफरने दहापट पातळ केला तरी तो वर दिलेल्या १ ते १०० मायक्रोमोलरच्या पट्ट्यात बसतो, आणि थरावर बसणारी प्रथिनंही कमी होतात. तरीही नुसत्या बफरमधला आलेख इथे लावू नका. पातळ केलेल्या नमुन्यातच ज्ञात थिओफिलिन टप्प्याटप्प्याने मिसळून वाचा, आणि प्रत्येक वाचन एनआयपीवरही घ्या.