हायब्रिडमधून ओपन रोडबाईक कॅटेगरीत जाताना काय शिकलो (धुळ्याहून)

आमच्या सायकल ग्रुपमधली दोन-तीन नवीन पोरं सारखी विचारताहेत की दादा हायब्रिडमध्ये नंबर येतोय, आता ओपनला उतरू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी दोन वर्षं सायकल रेसमध्ये हायब्रिड कॅटेगरीत (सरळ हँडलच्या साध्या सायकलींची) खेळलो. पहिल्या वर्षी तिसरा आलो, दुसऱ्या वर्षी पहिला, मग सेकंडहँड रोडबाईक घेतली आणि थेट ओपनचा, म्हणजे रोडबाईकवाल्यांच्या सगळ्यांसाठी खुल्या गटाचा, फॉर्म भरला. रेस ६० किलोमीटरची होती. रस्त्याची एक बाजू बंद करून सहा किलोमीटर जायचं, कोनला वळसा घालून यु-टर्न, परत सहा किलोमीटर, पुन्हा यु-टर्न, असं पाच वेळा. मी तिसऱ्या यु-टर्ननंतर घोळक्यातून मागे सुटलो, म्हणजे फक्त १८ किलोमीटरवर, आणि पुढचे ४२ किलोमीटर एकट्याने वाऱ्याशी भांडत पूर्ण केले. फार वाईट वाटलं, दोन दिवस सायकलला हात लावला नाही.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की सरळ रस्त्यावर मला काहीच त्रास होत नव्हता. घोळका ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास चालला होता आणि मी एकट्याने ३२ च्या वर कधी फार टिकलो नव्हतो, तरी मागे बसून आरामात येत होतो. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ३२ वरून ३८ ला एकट्याने जायचं तर हवेसाठीच दीडपटीपेक्षा जास्त जोर लागतो, पण दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसलं तर साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणून तर मी १८ किलोमीटर तरी टिकलो. मला मारलं ते यु-टर्नने.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या बहुतेक रेस अशाच जाऊन-येऊन असतात. मी गर्दीला घाबरून सगळ्यात शेवटी बसलो होतो. पुढचे चार-पाच जण वळणावर थोडा ब्रेक मारतात, वळतात आणि लगेच दाबायला लागतात. त्यांच्या मागचा थोडा जास्त ब्रेक मारतो, त्याच्या मागचा अजून जास्त, आणि शेवटचा जवळपास थांबतोच. तो वळेपर्यंत पुढचे परत चाळीसला पोहोचलेले असतात, मग शेवटच्याला दहावरून पंचेचाळीसपर्यंत उभं राहून स्प्रिंट मारावी लागते नुसती घोळक्याला चिकटायला. तीच रेस, तेच अंतर, पण पाचव्या नंबरवरचा माणूस एक छोटासा धक्का मारतो आणि शेवटचा दर वळणाला फुल स्प्रिंट मारतो. असे नऊ यु-टर्न होते. माझे पाय तिसऱ्यालाच संपले.

हायब्रिडमध्ये असं होत नाही, तिथे पहिल्या पाच किलोमीटरमध्ये सगळे विखुरतात आणि ज्याचे पाय दणकट तो जिंकतो. ओपनमध्ये पाय सगळ्यांचेच असतात. तिथे घोळक्यात बसता येणं हा वेगळा खेळ आहे आणि तो कोणी आधी शिकवत नाही. ब्रिटनमध्ये चौथ्या कॅटेगरीतून तिसरीत जायला रेसमधून १२ पॉइंट मिळवावे लागतात, तिसरीतून दुसरीत जायला ४०, म्हणजे माणूस आपल्या बरोबरीच्या लोकांच्या घोळक्यात शिकत शिकत वर जातो. आपल्याकडे लोकल रेसला कॅटेगरी ठरते सायकलवरून नाहीतर वयावरून, मधला जिनाच नाही, म्हणून तो जिना आपला आपणच बांधायचा.

अजून एक गैरसमज, बीआरएमवाल्यांचा (बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड), की लांब पल्ला जमला म्हणजे ओपनही जमेल. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली रॅम, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल रेस, पूर्ण केली, त्याचं आपल्या सगळ्यांना कौतुक आहे आणि लांब पल्ल्याची आवड आपल्या भागात चांगलीच रुजलीय. पण २०० किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत संपवायची असते, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराची सरासरी. चिकाटी येते, बूड पक्कं होतं, पण तीस सेकंद जीव तोडून मारून परत चाकामागे बसून दम घ्यायची सवय त्याने लागत नाही. ती वेगळी कमवावी लागते. मी लळिंगच्या चढावर आठवड्यातून एकदा जायचो, तीस सेकंद पूर्ण जोर, तीस सेकंद हलकं, असे दहा, मग दहा मिनिटं आराम आणि परत दहा. दोन महिन्यांत फरक कळला.

घोळक्यात बसायचं मी शिकलो आमच्या ग्रुपमधल्या एका दादांकडून, वय पन्नाशीच्या पुढे. पहिल्याच दिवशी मी जोशात पुढे ओढत होतो तर मागून ओरडले, "भो, वारा नको खाऊ, मांगे ऱ्हाय!" आधी दोघंच, मग चौघं. पुढच्याच्या चाकापासून आधी एक मीटर, मग हळूहळू अर्ध्या चाकाचं अंतर. नजर चाकावर नाही ठेवायची, दोन माणसं सोडून पुढच्याच्या कमरेकडे बघायचं म्हणजे काय होणार ते आधी दिसतं. आणि आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसवायचं नाही, तो जरा सरकला आणि चाकं घासली की पडतो तो मागचा, म्हणजे तुम्ही. एका हाताने बाटली काढून पाणी पिऊन परत लावायची आणि सायकल रेषेत ठेवायची, हे रिकाम्या मैदानावर पंचवीस वेळा करा, हसू नका, ओपनमध्ये मी पाणीच पिऊ शकलो नव्हतो.

वाऱ्याचं शिक्षण मात्र साक्रीने दिलं. जून-जुलैत साक्रीवरून छडवेलमार्गे नंदुरबारकडे निघा, पवनचक्क्या लागतात, रस्ता साधारण उत्तरेला आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे डाव्या अंगावर. अशा वेळी पुढच्याच्या बरोब्बर मागे बसून काही उपयोग नाही, त्याच्या उजवीकडे थोडं मागे सरकावं लागतं, आडोसा तिथे असतो. येताना वारा उजवीकडून, मग आडोसा डावीकडे. आणि पुढचा जर रस्त्याच्या डाव्या कडेलाच चिकटून चालला तर तुम्हाला आडोशाला जागाच उरत नाही, रेसमध्ये मुद्दाम असंच करून मागच्यांना तोडतात. पण उघड्या ट्रॅफिकमध्ये उजवीकडे पसरायचं नाही, जाताना दोघंच आणि रस्ता रिकामा असेल तेव्हाच.

खाणं. आदल्या रात्री शेवभाजी नको, वरण-बट्टी पण नको, साधी खिचडी. रेसमध्ये तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कार्ब लागतात, एका मध्यम केळ्यात पंचवीसेक असतात, आणि केळ्यांचं आपल्याला काय सांगायचं. शेंगदाण्याचा लाडू रेसनंतर, रेसमध्ये पचायला जड जातो. उन्हाची सवय दहा-चौदा दिवसांत लागते, तेव्हा कायम पहाटे पाचलाच नका जाऊ, रेस ज्या वेळेला संपणार त्या वेळेला पण थोडं चालवा, पाण्यात मीठ-साखर टाकून.

वयाने लहान असणाऱ्यांनी घाई करू नका. यूसीआयच्या (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) हिशोबात १७-१८ वर्षं ज्युनिअर, १९ ते २२ अंडर-२३, आणि वय धरतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. ज्युनिअरचं शेवटचं वर्ष उरलं असेल तर ते पूर्ण खेळा, आपल्या वयाच्या घोळक्यात शिकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

कधी जायचं म्हणाल तर माझं मत, हायब्रिडमधल्या नंबरवरून ठरवू नका. ओळखीच्या सहा-आठ रोडबाईकवाल्यांच्या फास्ट राईडमध्ये दीड तास न सुटता, कोणाला न घाबरवता बसता आलं की फॉर्म भरा.

मी वर्षभराने परत त्याच रेसला उतरलो. प्रत्येक यु-टर्नच्या आधी अर्धा किलोमीटर राहिला की पुढे सरकायचो, पहिल्या आठ-दहात वळायचो, आणि सरळ रस्त्यावर मागे येऊन दम घ्यायचो. शेवटच्या स्प्रिंटला पायात काही उरलं नव्हतं, एकोणिसावा आलो, पण घोळक्यासोबत आलो. दादा फिनिशलाईनपाशी केळं घेऊन उभे होते.