लंपीची खपली पुण्याला पाठवताना

लंपी, म्हणजे गायी-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा आजार. त्याचे नमुने आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये येतात. डबा उघडला की मी आधी चिठ्ठी वाचते, नमुना नंतर. जुन्नर-नारायणगावकडचे थर्माकोलचे डबे वाकडेवाडीला उतरतात, इंदापूर-दौंडकडचे स्वारगेटला, आणि पावसाळ्यात त्यांची रीघ लागते. चिठ्ठीवर पुष्कळदा इतकंच असतं: 'गाय, लंपी, अर्जंट'. एवढ्यावर पीसीआर (विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढून तो ओळखणारी चाचणी) करून हो किंवा नाही सांगता येतं. हा विषाणू आला कुठून, याचा शोध घ्यायचा तर मात्र हात बांधले जातात. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातले नवे डॉक्टर, पशुधन पर्यवेक्षक आणि प्रबंधासाठी गोठ्यागोठ्यांतून फिरणारे विद्यार्थी यांच्यासाठी हे लिहितेय.

सरकारी बाजू आधी उरकू. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 खाली लंपी कळवणं बंधनकारक आहे. मालकाने 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा जवळच्या दवाखान्यात सांगायचं, तुम्ही पशुधन विकास अधिकाऱ्यांना. औंधच्या रोग अन्वेषण विभागाला माहिती असली की पुढचे अनेक प्रश्न आपोआप सुटतात. आधी नमुने गोळा करायचे आणि मग परवानगीच्या मागे लागायचं, हा उद्योग विद्यार्थ्यांनी करू नये. गाईडही वाचवायला येत नाहीत.

आता खपली. काही गाठी ताज्या आणि काहींवर खपली धरलेली, असं जनावर निवडा. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो, रक्तात मात्र थोडेच दिवस सापडतो. ताप उतरून आठवडा झाल्यावर नुसतं रक्त पाठवलं आणि निगेटिव्ह आलं, तर त्यावरून गाय निरोगी होती असं कुणी समजू नये.

गाठीभोवतीचे केस कापा, शेण-चिखल सलाइनच्या बोळ्याने पुसा. स्पिरिट चोळू नका, विषाणू वाढवून बघायचा असेल तर स्पिरिट घात करतं. सुटत आलेली खपली चिमट्याने सहज निघते. गाठीचा तुकडा काढायचा असेल तर तेवढी जागा बधिर करायला लिग्नोकेन द्यायचंच, आणि डोकं धरायला शक्यतो मालकालाच उभं करा, ओळखीचा हात असला की गाय कमी उसळते. हातमोजे आणि ब्लेड दर जनावराला नवं. हे ऐकून लोक मान डोलावतात आणि एकाच चिमट्याने अख्खा गोठा उरकतात! पीसीआर एका कणाच्या कोट्यवधी प्रती काढतं. पहिल्या गायीचा कण दुसरीच्या डबीत गेला की दोघी पॉझिटिव्ह, आणि पुढे विषाणूंची नाती दाखवणाऱ्या वंशवृक्षावर दोघींचे विषाणू जुळे.

डबी निर्जंतुक, फिरकीच्या झाकणाची, आणि खपली तिच्यात कोरडीच. फॉर्मलिन फक्त हिस्टोपॅथॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या) तुकड्याला, कारण त्यात डीएनएची मोडतोड होते. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्या. हिरव्या झाकणाची नको, तिच्यातलं हेपरिन पीसीआरलाच अडवतं. डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या न गळणाऱ्या डब्यात, मग थर्माकोल आणि जेलचे पॅक. लादीचा बर्फ वितळतो आणि लेबल धुऊन नेतो. सोमवार ते बुधवार पाठवा, शक्यतो माणसाच्या हाती. शुक्रवारी निघालेला डबा शनिवार-रविवार कुठे तापत बसतो ते देव जाणे.

चिठ्ठीवर काय हवं? कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर, गाव, तालुका, जात, वय. पहिली गाठ दिसल्याची तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख, दोन्ही वेगवेगळ्या. मग लस: कोणती, कधी, बॅच कुठली. आपल्याकडे लंपीसाठी शेळ्यांच्या देवीची लस सर्रास टोचली गेली, तिच्यात उत्तरकाशी स्ट्रेनचा जिवंत पण निर्बल केलेला विषाणू असतो. लस टोचल्यावर चारच दिवसांनी गाठ आली असेल तर आम्हाला ते माहीत हवं, कारण शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लंपी हे तिन्ही विषाणू एकाच कॅप्रिपॉक्स गटातले आहेत, आणि गाठीतला विषाणू लसीचा की रोगाचा हे वेगळं काढावं लागतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जनावर कुठून आलं. चाकणच्या बाजारातून? शेजारी ऊसतोडीच्या टोळीचे बैल मुक्कामाला होते का? मालक पहिल्या फटक्यात सांगत नाही. बाजार बंद असताना खरेदी केलेली असते, किंवा पाहुण्यांकडून गाय आणलेली असते आणि त्यांचं नाव पुढे यायला नको असतं. हा प्रश्न फॉर्म हातात धरून विचारू नका. चहा होऊ द्या, वैरणीचे भाव निघू द्या, मग विचारा.

लॅबमधलं काम त्या मानाने सरळ आहे. विषाणूचा पूर्ण जनुकसंच डीएनएच्या सुमारे 1 लाख 51 हजार अक्षरांचा, तो वाचणं प्रत्येक नमुन्याला परवडत नाही. म्हणून आरपीओ30, जीपीसीआर, पी32 अशी निवडक जनुकं पीसीआरने वाढवून सँगर या अक्षरक्रम वाचण्याच्या पद्धतीने वाचून घेतात. आरपीओ30 जेमतेम 600 अक्षरांचं आहे, एका वाचनात बसतं, आणि मेंढीच्या देवीत त्यातली 21 अक्षरं गायब असल्याने ती लगेच वेगळी पडते. पी32 एकट्यावर विसंबू नका, त्यात फरक फार कमी. वाचन दोन्ही बाजूंनी करा आणि कंपनीने पाठवलेला आलेख डोळ्यांनी पाहा. सुरुवातीची काही अक्षरं गढूळच येतात, ती कापा. एकाच जागी दोन शिखरं दिसली तर नमुन्यात सरमिसळ झाली का, ते आधी तपासा.

मग ब्लास्ट, म्हणजे आपला अक्षरक्रम जुन्या नोंदींशी ताडून पाहणं, आणि वंशवृक्षासाठी जेनबँक या सर्वांना खुल्या साठ्यातून जुने अनुक्रम. दक्षिण आफ्रिकेतला जुना नीथलिंग स्ट्रेन हवा, केनियाचा एनआय-2490 हवा, रांचीचा 2019 चा हवा, शिवाय तुलनेला शेळी आणि मेंढीच्या देवीचा एकेक. भारतात लंपीची पहिली नोंद 2019 मध्ये ओडिशात झाली, आणि त्या वर्षीचे विषाणू केनियातल्या जुन्या विषाणूंच्या जवळचे निघाले. वंशवृक्ष काढायचं मेगा हे सॉफ्टवेअर फुकट आहे. बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या आहेत याची पुन्हा पुन्हा तपासणी) 1000 वेळा चालवा, 70 टक्क्यांच्या खालच्या फांदीवर निष्कर्ष टांगू नका.

खरी घसरगुंडी इथून पुढे आहे. जुन्नरचा आणि इंदापूरचा विषाणू एका जनुकात 100 टक्के सारखा निघाला की विद्यार्थी लिहून मोकळा होतो: रोग जुन्नरहून इंदापूरला गेला. अहो, देवीच्या जातीचे हे विषाणू फार हळू बदलतात. 600 अक्षरं सारखी असणं म्हणजे आडनाव जुळणं, सगळे जाधव काही एका घरात राहत नाहीत. दुसरी गोष्ट रशियाची. तिथे 2017 मध्ये लसीतला आणि रानातला, म्हणजे जनावरांत नैसर्गिकपणे फिरणारा, विषाणू यांची सरमिसळ झालेला लंपी विषाणू सापडला. अशा विषाणूचं एक जनुक एका फांदीवर बसवतं, दुसरं भलत्याच. म्हणून निदान दोन-तीन जनुकं वाचा, आणि माग काढायचा असेल तर मोजके नमुने निवडून पूर्ण जनुकसंच वाचा. निवड कशी करणार? चिठ्ठीवरून: पहिली गाठ कधी, जनावर आलं कुठून.

उरलेली खपली संपवू नका. अर्धी उणे 80 अंशांत ठेवा. अनुक्रम जेनबँकेत टाकताना गावाचं नाव घालायची गरज नाही, जिल्हा आणि वर्ष पुरे. गावाचं नाव गेलं की तिथल्या दुधाला गिऱ्हाईक मिळेनासं होतं.

मालकाला अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवा, पण नुसती पीडीएफ नको. खाली चार ओळी मराठीत लिहा: लंपी आहे. माणसांना होत नाही. दूध उकळून प्या. आजारी गाय वेगळी बांधा आणि गोठ्यातल्या माश्या, डास, गोचिडांचा बंदोबस्त करा, कारण रोग तेच नेतात.