हिप्परग्याच्या काठावर पुस्तक घेऊन बसायचं तर

थंडीचे पाहुणे पक्षी नोव्हेंबरातच यायला लागतात. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची (ते आपल्या सोलापूरचेच), १२ सालीम अलींच्या. त्या आठवड्यात एक फेरी मारून या, पण मुक्काम ठोकायची घाई करू नका. तेव्हा तलाव काठोकाठ भरलेला असतो. पाणी हटून चिखलाची पट्टी उघडी पडली की मग बसण्यात मजा. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याआधी थर्मास माळ्यावरून काढत नाही.

जागा एकच धरा. मी हिप्परगा धरला आहे. ब्रिटिशांच्या काळात आदिला नदी अडवून केलेला हा एकरुखचा तलाव, तुळजापूर रस्त्याने स्कूटरवर जवळच. रोज नवं ठिकाण शोधणाऱ्याला पक्षी दिसतात, पण ओळखीचे होत नाहीत. सिद्धेश्वर तलाव गावातच आहे, पाय दुखत असले तर तोही चालेल. फक्त जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, दिवस सोडून. तेव्हा नंदीध्वज बघा, पक्षी राहू द्या.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी पोचा आणि उजेड पाठीशी घेऊन, तोंड पश्चिमेला करून बसा. उजेड समोर आला की सगळी बदकं काळीच दिसतात. अंगावर जुनी, विटलेली चादर घ्या. पहिल्या वर्षी मी कोरी लालभडक चादर पांघरून गेले होते. जवळचे सगळे वारकरी पाण्यावरून पळत सुटले. वारकरी म्हणजे काळं पाणपाखरू, कपाळावर पांढरा टिळा. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे. आठ म्हणजे किती पट जवळ दिसतं ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. त्याहून जास्त पटीची घेतलीत तर हात थरथरतो आणि पक्षीही थरथरतो. कॅमेरा घरी ठेवा. हे माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा.

आता पुस्तकाचं. तळ्यावर पक्ष्यांचं पुस्तक नेऊ नका. चित्र शोधत पानं उलटताना समोरचा पक्षी उडून जातो, मग चित्रातलाच पक्षी दिसल्यासारखा वाटायला लागतो. त्यापेक्षा पेन्सिलने वहीत वेडंवाकडं रेखाटा: चोच कशी, पाय कोणत्या रंगाचे, डोळ्यावर पट्टी आहे का. थापट्या बदक चोचीवरून कळतं, पुढे पसरट, उलथन्यासारखी. तलवार बदक शेपटीवरून. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई लांबून दिसते. बाकीचं घरी दुपारी, पुस्तक उघडून जुळवा.

तळ्यावर न्यायची ती गोष्टी किंवा कविता, पातळ पुस्तक, कुठेही उघडून कुठेही मिटता येईल असं. साडेनऊनंतर ऊन चढतं, बदकं पाठीत चोच खुपसून झोपतात, तोच वाचायचा वेळ. कादंबरी मात्र नको. एकदा मी कादंबरी डोळ्यांपुढे धरून तिच्यावरून हंसांकडे बघत बसले होते. मासे धरणारे एक मामा जाळं खांद्यावर टाकून चालले होते. म्हणाले, “अक्का, पुस्तक उलटं हाय की.”

खायला कडक भाकरी. शेंगा चटणीही न्या, पण वाचताना खाऊ नका. माझ्या एका कवितासंग्रहातली कुठली पानं हिप्परग्यावर वाचली ते तेलाच्या डागांवरून सांगता येतं.

हंस म्हणजे पट्टकदंब, ज्यांच्यासाठी मी थंडीभर पहाटे उठते. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूने दोन काळ्या पट्ट्या, एक डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, दुसरी खाली मानेकडे, आखूड. पिवळी चोच, नारिंगी पाय. तिबेट, लडाख, मंगोलियाकडे वीण करतात आणि हिमालय ओलांडून इकडे येतात. एवढं करून आमच्याकडे काय करतात? चिखलात उभे राहून गवत उपटतात. थवा चरत असला तरी एकाची मान कायम वर असते. ती खाली गेली की दुसऱ्याची वर येते. मी हे घड्याळ लावून बघायला गेले, पण घड्याळाकडे बघायचीच विसरले. मोजायचे तर आधी दहा मोजा, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते बघा, मग तोच ठोकळा थव्यावर ठेवत जा.

एक संध्याकाळ नान्नजसाठी राखून ठेवा, बार्शी रस्त्याने. १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य आहे, पण माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, निराश व्हाल. भोवत्यांसाठी जा. हे घारी-गरुडांच्या जातीचे, उत्तरेकडून आलेले, गवतावरून अगदी खाली तरंगत येतात आणि रात्री जमिनीवरच, गवतात उतरतात. अंधार पडेपर्यंत पायवाटेवरून हलू नका.

जाता-येता शाळू लागलेला दिसेल. त्यावर भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे ढगासारखे वळतात. तुम्ही “वा!” म्हणाल, पण शेजारी मचाणावर पाखरं राखणारी बाई गोफण फिरवत असेल. तिच्यासमोर म्हणू नका. हुरडा देऊ केला तर बसा.

वहीत तारीख, वेळ, आकडा रोज लिहा, काही दिसलं नाही तरी. आणि मार्चमध्ये थांबू नका, जाण्याचा दिवस पकडायचा असतो. गेल्या वर्षी माझ्या वहीत ११ मार्चला सात पट्टकदंब आहेत. १२ तारखेला गेले तर चिखलात नुसते पाय उमटलेले होते, अजून ओले.