जुन्या डब्यातली बंदुकीची दारू: भरावी की टाकावी?

प्यायची दारू जुनी झाली की भाव खाते, बंदुकीची तशी नाही. अमेरिकेत झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरणारे शिकारी आणि नेमबाज पुष्कळ आहेत. त्यामुळे आजोबांच्या गॅरेजमधून निघालेला अर्धा डबा ही तिकडची नेहमीची गोष्ट. (भारतात परवान्याशिवाय काडतुसं भरणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे.)

आधी लेबल बघा. ते नसेल, किंवा आत दुसरंच काही ओतल्याचा संशय असेल, तर पुढे तपासूच नका. दाणे दिसायला सारखेच असतात, जळण्याचा वेग मात्र वेगळा. पिस्तुलाची झपाट्याने जळणारी दारू रायफलच्या मापाने भरली तर बंदूक हातातच फुटू शकते.

लेबल ठीक असेल तर डबा उघड्यावर, आगीपासून लांब न्या. झाकण काढा, पण नाक आत खुपसू नका. हाताने वारा घालून वास घ्या. चांगल्या दारूला ईथरसारखा, नेलपॉलिश काढायच्या द्रवाच्या जवळ जाणारा सौम्य वास असतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास आला, तांबूस वाफ दिसली किंवा पत्र्याचं झाकण आतून गंजलेलं असेल तर निकाल लागला.

आता चमचाभर दारू पांढऱ्या कागदावर ओता, उन्हाच्या उजेडात. दाणे सुटे, कोरडे, स्वच्छ हवेत. ओतताना विटकरी धूळ उडाली, कागदावर गंजासारखी भुकटी राहिली किंवा गुठळ्या पडल्या, तर टाका.

हे होतं कशाने? धूररहित दारूतला (आजच्या काडतुसांत हीच असते) मुख्य जळणारा घटक, नायट्रोसेल्युलोज, हळूहळू विघटित होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, आणि तेच विघटन आणखी वाढवतात. दारूत मिसळलेली डायफेनिलअमीनसारखी स्थिरकं, म्हणजे बिघाड रोखणारी रसायनं, हे ऑक्साइड शोषून घेतात. ती संपली की दारू आतून तापते आणि ढीग मोठा असेल तर आपोआप पेट घेऊ शकते. फ्रान्सच्या तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका उडाल्या, त्याचा ठपका अशाच बिघडलेल्या दारूवर आला. म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा डबा कुठे होता ते विचारा: थंड, कोरड्या कपाटात दशकं टिकते, पत्र्याच्या तापत्या शेडमध्ये नाही.

माझं मत कडक आहे. नाक आणि डोळे फक्त ‘खराब’ सांगू शकतात, ‘चांगली’ असल्याची हमी देत नाहीत. एका डब्याच्या पैशासाठी शंका कसली पोसायची? जुनी दारू नव्यात मिसळणं तर अजिबात नको.

जुनी भरलेली काडतुसंही बघा. पितळावर हिरवट थर किंवा पुंगळीच्या मानेला चीर दिसली तर ती झाडू नका.

टाकायची दारू मोरीत ओतू नका, काचेच्या बाटलीत कोंबू नका. डबा धुमसत किंवा गरम लागत असेल तर हात न लावता अग्निशमन दलाला बोलवा. थोडीशीच असेल तर हिरवळीवर अगदी विरळ पसरून पाणी मारा. नायट्रोजन असल्याने गवताला चालते. कुत्र्याला तेवढे दिवस तिकडे सोडू नका.